अर्धं राहिलेलं रडणं

दिवाळी सरली की आमच्याकडं धूर बदलतो. एरवीचा धूर चुलीचा नाहीतर बंबाचा. दिवाळीनंतरचा चिपाडाचा. उसातला रस काढून उरलेलं चिपाड खाली जळतं, वर काहिलीत रस उकळतो, आणि गोडसर, जरा करपट असा वास कळंब्याच्या तलावावरून थेट अंगणात येतो. यंदाही आला. परवा सकाळी चूळ भरत उभा होतो, वास आला, आणि सवयीनं घराकडं तोंड करून म्हणालो, "लागलं गं गुऱ्हाळ."

आतून सून म्हणाली, "काय म्हणालात, मामा?"

काही नाही म्हटलं आणि तोंड पुसलं.

माझी बायको हौसा श्रावणात गेली. हंगाम लागल्याची बातमी तिला द्यायची, ही माझी जन्मभराची सवय. बातमी तिला आधीच कळलेली असायची. तरी ती "व्हय का?" म्हणायची.

मी चौथी शिकलेला माणूस. सही येते, पाटी वाचता येते. बोलायला कोणी असतं तर हे बोलून मोकळा झालो असतो. माणूस नाही म्हणून कागद घेतलाय. सून शाळेत मास्तरीण आहे. ती म्हणाली, "मामा, आधी मुख्य काय सांगायचंय ते लिहा, मग बाकीचं आपोआप येईल." पोरगी गुणाची आहे, पण हे काही मला जमणार नाही. मुख्य ते शेवटी, अशाच घरात माझा जन्म गेला.

मी गुळव्या होतो. काहिलीपाशी उभं राहायचं आणि रसाचा गूळ कधी झाला ते सांगायचं, हे गुळव्याचं काम. ऊस लोकांचा, घाणा लोकांचा, निर्णय माझा. रसावर मळी आली की काढायची, रानभेंडीचं पाणी मारायचं, परत मळी काढायची. मग रस पिवळा होतो, फेस वर चढतो, फुटायला लागतो. तिथून पुढं दुसरीकडं बघायचं नाही. कोणी हाक मारली तरी मान वळवायची नाही. पाक पाण्यात टाकायचा, बोटांत गोळी करून बघायची, आणि गोळी झाली की ओरडायचं, "उतरवा!" मग गडी काहील उचलून वाफ्यात, म्हणजे गूळ थिजायच्या चौकोनी हौदात, ओतणार. जरा उशीर झाला तर गूळ काळा. शेतकऱ्याच्या वर्षाचा रंग गेला.

हौसा त्याच गुऱ्हाळावर चिपाड वाळवायला असायची. वाफा पुसून तयार ठेवणंही तिच्याकडंच. हात कामात, तोंड मोकळं. आणि तोंड असं की गावानं वापरून घ्यावं. कुणाची सोयरीक अडली, बोलवा हौसाला. भावाभावांत बांधावरून जुंपली, बोलवा हौसाला. एकदा आमच्या उसाला पाण्याची पाळी वरच्या शेतातला गणपा देईना. मी गेलो, म्हणालो, "पाणी सोड." तो म्हणाला, "सोडत न्हाई." झालं बोलणं. दुसऱ्या दिवशी ही गेली. गणपाच्या आईच्या हातच्या आंबिलीपासून सुरुवात केली. मग त्याच्या वरातीतला बैल कसा बुजला होता ते निघालं. मग त्याच्या थोरल्या लेकीच्या वेळी ही बाळंतिणीपाशी कशी बसून होती ते. गणपा हसला, गणपाच्या बायकोनं चहा टाकला, आणि उंबऱ्यातून निघताना ही सहज म्हणाली, "आमचा ऊस तेवढा सुकाय लागलाय बघ, भावा." ती घरी पोचायच्या आत पाटाला पाणी आलेलं.

मी म्हणालो, "एवढं आंबिलीपासून कशाला सुरू करायचं?"

"तुमच्यावानी दारातच दगड हाणला, तर आतलं माणूस भाईर कशाला यील?"

कोयनेचा भूकंप झाला, त्याच्या आदल्या हंगामात एक बाई आमच्या गुऱ्हाळावर आल्या. विदुलाबाई. मूळच्या पुण्याकडच्या, परदेशात शिकवायच्या. खांद्याला कापडी पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, आणि संगं दोन चाकं फिरणारं आवाज धरायचं यंत्र. गणपानं विचारलं, "काय पावणं, कारखान्याकडनं आलाय का?" त्या म्हणाल्या, "नाही, तुमचं बोलणं ऐकायला आलेय." गणपा आमच्याकडं बघून म्हणाला, "हितं बोलणं ऐकाय सुदीक लांबनं माणसं याय लागली. आन् आमची घरची आमचं ऐकत न्हाईत."

त्यांचा अभ्यास असा होता : ज्यांना लिहितावाचता येत नाही ती माणसं दुसऱ्याला पटवतात कशी, लक्षात ठेवतात कसं, आणि कुठल्या देशात कुठली गोष्ट आधी बोलायची, कुठली नंतर, हे कोण ठरवतं. समुद्रापलीकडच्या एका डोंगराळ मुलखात त्या असंच काम करून आल्या होत्या. मला तेव्हा हे खुळ्याचं काम वाटलं. खोटं कशाला बोलू? भाकरी मिळते का यावर, असं मी विचारलंही. त्या म्हणाल्या, "मिळते, पण तुमच्यासारखी गरम नाही." तिथून मला बाई आवडली.

चिपाडाच्या ढिगावर बसून त्या हौसाला विचारायच्या आणि हौसा चिपाड पसरत सांगायची. एकदा त्या म्हणाल्या, "हौसाबाई, शिकलेला माणूस मुद्दा आधी सांगतो, कारणं नंतर. तुम्ही सगळ्या कारणं आधी सांगता आणि मुद्दा अगदी शेवटी. असं का?"

"आधी सांगिटलं तर ऐकणारा बसंल का? उठून जाईल की."

"पण वाचणारा कुठं उठून जातो?"

"पुस्तक मिटाय काय बैल लागत्यात?"

विदुलाबाई हसल्या आणि म्हणाल्या, "म्हणून तर पुस्तकवाले आधीच सांगून टाकतात. मिटायच्या आत."

हौसानं हातातलं चिपाड खाली ठेवलं. "ते बी खरं हाय," म्हणाली. दोघींचं असं जमायचं. कोण कुणाला शिकवतंय ते लांबून कळायचं नाही. आमच्याकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' असं पुरुषासारखं का म्हणतात, याच्यावर तर एक अख्खी दुपार गेली. त्या दुपारीही मी गुळाची दोन आधणं उतरवली.

आता रडण्याचं सांगतो. हे शहरात ठाऊक नसेल. आमच्याकडं माणूस गेलं की बायका रडायच्या, पण नुसत्या डोळ्यांनी नाही. हेल काढून, शब्दांनी. गळ्यात गळा घालून एक बाई गेलेल्याचा सगळा जन्म सांगायची आणि बाकीच्या मागून हुंकार द्यायच्या. त्याला क्रम होता. आधी माहेर. मग सासर. मग हातानं केलेलं काम. मग लेकरं. आणि सगळ्यात शेवटी जोडीदार. बाई गेली असेल तर नवरा, नवरा गेला असेल तर बायको. शेवटाची ही पाळी आली की अंगणातली माणसं बिडी विझवायची. कारण खरं तिथं बाहेर पडायचं. चांगलं असेल तर चांगलं, वाईट असेल तर वाईट, आणि रडण्यातल्या बोलण्याला उलटून कुणी काही म्हणायचं नाही, हा कायदा. पाटलाची बायको गेली तेव्हा हौसानं भर अंगणात पाटलाला ऐकवलेलं, "अवं पाटील, जत्रंला म्हणून तिला येकदा सुदीक न्हेली न्हाईसा वं, ती दारातनंच पालखी बगत बसली वं." पाटील, ज्याच्यापुढं कुणी मान वर करत नव्हतं, तो खाली मान घालून उभा होता. तिसऱ्या दिवशी हौसा त्याच्या घरी भाकरी थापायला गेली, तेव्हा दोघांत काही नव्हतं. सांगून झालं होतं.

विदुलाबाईंना हे रडणं यंत्रात पाहिजे होतं. त्यांनी सरळ विचारलं, "जरा रडून दाखवाल का?"

बाकीच्या बायका पदर झटकून उठल्या. मेलेल्याला दुसऱ्यांदा रडलं तर त्याचा जीव परत दारात घोटाळतो. जित्यावर रडलं तर ते माणूसच ओढून नेल्यासारखं. एवढं शिकलेली बाई आणि एवढं कळू नये? विदुलाबाईंना चूक लगेच कळली. तोंड उतरलं. हात जोडून म्हणाल्या, "माफ करा, मी परत नाही विचारणार." आणि नाही विचारलं.

चार-सहा दिवसांनी हौसाच मला म्हणाली, "मी रडणार हाय."

"कुणावर?"

"माझ्यावर."

"खुळी का काय तू?"

"मी सगळ्या गावाला रडलो. माझ्या मागं कोण रडणार हाय असं? तुमची सून? ती तर अजून कुठल्यातरी शाळंत बाराखडी गिरवत असंल. माझं मला रडाय कुणाची बंदी हाय?"

मी म्हणालो, "अभद्र बोलू नको." म्हणालो एवढंच. हौसानं काही ठरवल्यावर मी आडवा गेलोय असं कधी झालं नाही, आणि गेलो असतो तरी उपयोग नव्हता.

दुपारची वेळ. गणपाचा ऊस, माझी काहील चुलवाणावर. हौसा वाफ्याजवळ भिंतीला टेकून बसली, पदर नाकापर्यंत ओढला आणि सुरू केलं. विदुलाबाईंनी यंत्राची चाकं सोडली.

"अगं हौसा माझे बाई गंऽ, नदीकाठची पोर तू, वाडीच्या घाटावर लाह्या टाकून मासं नाचवणारी पोर तू. पूर आला गं, दत्ताच्या दारात पाणी आलं, तुझ्या बापानं तुला डोसक्यावर घेतली, आईनं तुला माळ्यावर बांधली, पाण्यातनं वाचवली ती कशापायी गं बाई, ह्या माळाला चिपाड वाळवाय?"

मी मळी काढत होतो. गडी आधी हसत होते.

"सासरी आलीस तवा दारात चूल हुती न् घरात धूर हुता. सासूनं तुला नावानं हाक मारली न्हाई गं, ती 'ये' म्हणायची न् तू 'व्हय' म्हणायचीस. जलमभर गूळ केलास गं बाई, तुझ्या हाताला गोडी लागली न्हाई, माशा तेवढ्या लागल्या."

गडी हसायचे थांबले.

"तुझा पयला ल्योक गं, पाळण्याची दोरी नवी हुती, अजून मऊ पडली न्हवती. तान्ह्याला रडत न्हाईत म्हणली म्हातारी. उसाला तोड आली हुती, गाड्या दारात हुत्या. पदर तोंडात कोंबलास न् मोळ्या बांधाय गेलीस गं. तेला कुणी रडलं न्हाई. मीच आता रडतो, माझ्या सोन्या, माझ्या वासरा."

आमचं पहिलं लेकरू. मला माहीत होतं गेलेलं. हौसा त्या दिवशी मोळ्या बांधत होती हेही माहीत होतं, मी शेजारीच बांधत होतो. पदर तोंडात कोंबलेला होता, हे मला माहीत नव्हतं. धूळ लागू नये म्हणून बांधलाय असं मी समजलो होतो.

काहिलीत फेस फुटायला लागला. मी पाक पाण्यात टाकला. अजून गोळी होईना.

मग ती आमच्या पोरीवर आली, पोरावर आली. त्यांच्यावर हसत हसत रडली. पोराच्या खोड्या सांगितल्या तेव्हा विदुलाबाईही डोळे पुसत हसत होत्या. आणि मग ती थांबली. मोठा श्वास घेतला. बिड्या विझवायची वेळ आली, हे गड्यांना कळलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले.

"आन् मालकऽ," ती म्हणाली.

माझ्या बोटांत गोळी झाली होती. टणक, नाण्यासारखी वाजणारी. मी ओरडलो, "उतरवा!"

गडी धावले. हौसाही उठली. वाफा तिला पुसायचा होता ना. पदर कमरेला खोचला, फडकं मारलं, बाजूला झाली, आणि काहील ओतली गेली. वाफेनं कुणाचं तोंड कुणाला दिसेना. गूळ सोन्यासारखा पडला. गणपानं हातात धरून सगळ्यांना दाखवला.

माझी चूक झाली असं मी म्हणत नाही. उद्या तशी वेळ आली तर तेच ओरडेन. गणपाच्या वर्षाचा ऊस होता तो, माझी बायको काय म्हणते ते ऐकायला मी तो जाळू शकत नव्हतो. तिलाही ते कळलेलं होतं, म्हणून तर ती पहिल्या हाकेला उठली. चूक असती तर बरं झालं असतं. चुकीला माफी तरी मागता येते.

सगळं आवरल्यावर विदुलाबाई हळूच म्हणाल्या, "राहिलेलं उद्या?"

हौसा तोंड धूत होती. "आता न्हाई. वढ मोडली की मोडली. जोडून रडलं की त्ये खोटं हुतंय." आणि माझ्याकडं बघून हसली, "सुटलासा बगा तुमी."

"सुटलो," मी म्हणालो. गडी खो खो हसले. हंगामभर मग तीच थट्टा. "तात्या, बरी येळंवर गोळी झाली तुमची." मीही हसायचो. पुढं कुठल्याही हंगामात गोळी झाली की कुणीतरी म्हणायचंच, "सुटलं तात्या."

विदुलाबाई गुढीपाडव्याच्या आधी गेल्या. एसटीत चढताना मला म्हणाल्या, "तात्या, तुमच्याकडं मुख्य ते शेवटी असतं, हे मी लिहिणार आहे. पण पुरावा माझ्याकडं नाही. तो तुमच्या घरात आहे. विचारा कधीतरी." मी हो हो म्हणालो, पिशवी वर दिली.

विचारलं नाही. म्हणजे काय विचारायचं? भरल्या घरात, जेवताना, "माझ्यावर काय रडणार होतीस गं?" असं विचारतात का? एकदा तिच्या वाडीला, नृसिंहवाडीला, गेलो होतो, ती घाटावर लाह्या टाकत होती, तेव्हा ओठावर आलं होतं. पण ती इतकी खुशीत होती. मासे पायापाशी येत होते. मी म्हणालो, "पुरं आता, गाडी जाईल." पुढं गावात प्रौढांचा वर्ग आला, हौसा लिहायला शिकली. मला वाटलेलं, अक्षर आलं की तोंड जाईल. तसलं काही झालं नाही. ती बसवरची पाटी वाचायची आणि कंडक्टरला तितकंच बोलायची. गेलं ते दुसरंच. तिच्या बरोबरीच्या बायका एकेक करून गेल्या. त्यांना ती रडली. मग मागून हुंकार द्यायला कोणी उरलं नाही.

श्रावणात ही गेली तेव्हा घर भरलं. लेक आली, आईच्या छातीवर पडली, हुंदके देत राहिली. शब्द नव्हते. तिचा दोष नाही, तिला कुणी शिकवलं नाही. शेजारची गंगाक्का, आता तीच काय ती जुनी, काठी टेकत आली आणि गळा काढला, "अगं हौसा माझे बाई गंऽ..." पण माहेराशीच अडली. हौसाच्या आईचं नाव तिला आठवेना. घाट आठवेना, पूर आठवेना. दोनदा "माझे बाई गं" म्हणाली, आणि कुणीतरी तिला धरून बाजूला बसवलं, "अक्का, रक्तदाब वाढंल, बसा."

मी भिंतीपाशी उभा होतो. कुणाला कळलं नसेल, पण मी पाटलासारखा मान खाली घालून उभा होतो. तयार होतो मी. माहेर होईल, सासर होईल, काम, लेकरं, आणि मग माझी पाळी येईल. कुणीतरी सांगेल मला काय ते. जत्रेला नेलं नाही म्हणेल, पदर धुळीसाठी बांधलाय असं समजलासा म्हणेल, नाहीतर एखादं चांगलंही म्हणेल, कुणास ठाऊक. काय असेल ते भर अंगणात ऐकून घ्यायचं आणि मोकळं व्हायचं. तेवढ्यासाठी माणसं त्या वेळी नवऱ्याला उभं करायची. कुणी काही म्हणालं नाही. म्हणाले, "तात्या, बसा. दमलासा." पाण्याचा तांब्या हातात दिला.

दहाव्याला पोरानं कागदावर लिहून आणलेलं वाचलं. चांगलं लिहिलं होतं. "माझी आई कष्टाळू आणि बोलकी होती," अशी सुरुवात. खोटं काही नव्हतं त्यात. पण पहिल्याच ओळीत सगळं झालं आणि मग मी शेवटाची वाट बघत बसलो. शेवटी त्यानं आलेल्या पावण्यांचे आभार मानले.

परवा तो वास आल्यावर मी घरात थांबलो नाही. चालत गुऱ्हाळावर गेलो. आता तिथं सगळी नवी माणसं, घाणा इंजिनावर. गुळव्या म्हणून गणपाचा नातू आहे, कामाला बरा आहे. त्यानं पोतं टाकून दिलं, "बसा तात्या." मी वाफ्याजवळ, भिंतीला टेकून बसलो. बसल्यावर कळलं, ही तिचीच जागा.

इंजिनाच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार नव्हतं. म्हणून मी सुरू केलं. पुरुष रडत नाहीत असं, मला माहीत आहे. पण मला सगळं पाठ आहे, माझ्याशिवाय आता कुणाला आहे? नदीकाठची पोर तू. लाह्या टाकून मासं नाचवणारी. दारात चूल हुती न् घरात धूर हुता. पाळण्याची दोरी नवी हुती. हेल जमत नव्हता, तरी क्रमानं म्हणत गेलो. पोरीचं म्हटलं, पोराच्या खोड्या म्हटल्या. इंजिनाच्या आवाजातही स्वतःच्या कानाला माझं ऐकू येत होतं. मग थांबलो. तिच्यासारखा मोठा श्वास घेतला. म्हणालो, "आन् मालक..."

गणपाचा नातू काहिलीपासून वळला. पाण्यातली गोळी बोटांत धरून माझ्यापुढं केली. "बघा की तात्या, झाली का?"

मी गोळी हातात घेतली. टणक होती. वाजवून बघितली.

"उतरव," मी म्हणालो.

गूळ चांगला पडला म्हणतात. त्यानं घरी न्यायला एक खडा कागदात बांधून दिला होता. ती पुडी मी अजून सोडली नाही.